ही बाई एवढ्या रात्री कुठं निघाली आहे?

आमच्या बस्तीच्या महिला मंडळात महिन्यातून एकदा कुणीतरी एखाद्या विषयावर बोलायचं असा रिवाज आहे. पापडाच्या कृतीपासून पुराणकथेपर्यंत सगळं चालतं. गेल्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा मी जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक घेऊन गेले. मुलीनं पुण्याहून आणून दिलेलं. पावसाळ्याचे दिवस, बाहेर अंधारून आलेलं, म्हणून मीही त्यातली रात्रीचीच चित्रं निवडली होती. पुस्तक हातोहाती फिरलं. 'किती छान', 'रंग बघ की', 'साडीवर शोभेल असा निळा' असं सगळं झालं. मग सत्तरी ओलांडलेल्या एका आक्कांनी चष्मा वर सरकवून एका चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही बाई एवढ्या रात्री कुठं निघाली आहे?"

ते चित्र हिरोशिगेचं. मागं सुमिदा नदी, पलीकडच्या काठावर मात्सुची नावाची टेकडी, तिच्या पायथ्याशी सान्या कालव्याचं तोंड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खाणावळींचे दिवे. वर चांदण्यांनी भरलेलं आकाश. आणि अलीकडच्या काठावरून, अगदी आपल्यासमोरून, एक बाई चाललेली. मी पाठ केलेलं सांगितलं, "ती गेइशा आहे, आक्का. गाणंबजावणं करणारी." आक्का म्हणाल्या, "ते असू दे. पण कुठं निघालीय?"

मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकात चित्राची तारीख होती, मालिकेचं नाव होतं, आकाश कसं छापलं तेही होतं. हे नव्हतं. घरी येऊन मी ती सगळी चित्रं पुन्हा एकदा आक्कांच्या प्रश्नाच्या चष्म्यातून बघितली. त्यातून जे सुचलं ते इथं मांडते आहे.

आधी ही चित्रं होतात कशी ते सांगते, कारण त्याशिवाय रात्रीची गंमत कळत नाही. चित्रकार कागदावर रेषा काढून देतो. तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून कोरणारा रेषेबाहेरचं लाकूड काढून टाकतो. मग प्रत्येक रंगाला वेगळी फळी. छापणारा फळीवर ब्रशानं रंग लावतो, वर ओलसर कागद ठेवतो आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीनं मागून घासतो. त्या चकतीला 'बारेन' म्हणतात. कागद प्रत्येक फळीवर नेमका त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कडेला खाचा असतात. एका चित्राला दहा-पंधरा वेळा किंवा त्याहून जास्त वेळा हा खटाटोप. चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि या सगळ्यांना कामाला लावून पैसा घालणारा प्रकाशक अशा चौघांचं मिळून ते चित्र. नाव मात्र चित्रकाराचं होतं. स्वयंपाक चौघींनी करायचा आणि कौतुक वाढणारीचं, तसंच की हे.

आता रात्र. कागद मुळात पांढरा. त्याच्यावर काळोख आणून बसवायचा. १८३० च्या आसपास परदेशी निळा रंग, ज्याला प्रशियन ब्लू म्हणतात, जपानी चित्रांत मुबलक येऊ लागला आणि रात्रीचं नशीब उघडलं. फळीवर पाणी आणि रंग कमीजास्त करून वर गडद, खाली फिकं असं आकाश छापायचं. या उतरत्या छटेला 'बोकाशी' म्हणतात. काळोख असा थरावर थर चढतो, आणि दिवा, चंद्र, खिडकी यांच्या जागी कागद कोरा सोडायचा किंवा हलका पिवळा द्यायचा. म्हणजे या चित्रांतला उजेड कुणी काढलेला नसतो, राखलेला असतो. बांधणीचं कापड आठवा. जिथं गाठ बांधली तिथं रंग शिरत नाही आणि सोडल्यावर पांढरा ठिपका उरतो. तसंच. आमच्या आज्जी म्हणायच्या, बांधणीत रंगाचे पैसे नसतात, गाठीचे असतात. ते इथंही लागू आहे.

हिरोशिगे १७९७ साली एदो शहरात जन्मला. एदो म्हणजे आजचं टोकियो. घराण्याचं काम सरकारी आग विझवण्याचं, आणि काही वर्षं त्यानंही ते केलं. लाकूड आणि कागदाच्या घरांचं ते शहर, कायम आगीच्या भीतीत. १८५५ च्या नोव्हेंबरात एका रात्री दहाच्या सुमारास मोठा भूकंप झाला. घरं पडली, दिवे आणि शेगड्या उलटून आगी लागल्या, हजारो माणसं गेली. त्यानंतर काही महिन्यांतच, १८५६ साली, हिरोशिगेनं 'एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं' ही मालिका सुरू केली. १८५८ साली तो वारला तोवर ती चालूच होती. नाव शंभराचं असलं तरी चित्रं शंभराच्या वर आहेत. शहर मोडून पडलेलं असताना हा माणूस शहर कसं दिसतं ते काढत होता. काही अभ्यासक म्हणतात की पडलेल्या जागा पुन्हा उभ्या राहिल्या तशी ही चित्रं निघाली. त्या दृष्टीनं पाहिलं तर नुसत्या सुंदर देखाव्यांमागं एक दिलासाही दिसतो.

या मालिकेतलं मला सगळ्यांत आवडतं ते 'सारुवाका-माचीची रात्र', १८५६ चं. हा नाटकगृहांचा रस्ता. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं काबुकी नाटकगृहं शहराच्या मध्यातून उचलून असाकुसाच्या पलीकडं, शहराच्या कडेला नेऊन टाकली होती. नाटकं लोकांना बिघडवतात म्हणून. भूकंपात तीही पडली, जळाली. चित्रात ती पुन्हा उभी आहेत. वर पौर्णिमेचा चंद्र, रस्ता सरळ दूरवर गेलेला, आणि रस्त्यात माणसंच माणसं. आगीच्या धास्तीनं त्या काळी नाटकं दिवसाउजेडी उरकायची. म्हणजे हे लोक नाटक संपल्यावर रेंगाळणारे. कुणी चहाघरात शिरतंय, कुणी घरी निघालंय.

आणि प्रत्येकाच्या पायाशी सावली आहे. जपानी ठशांत जमिनीवर पडलेल्या सावल्या सहसा नसतात. इथं आहेत. बाईची आहे, बाप्याची आहे, कुत्र्याची आहे. चेहरे बारीक, ओळखू येत नाहीत, पण चंद्रानं सगळ्यांना सारखी सावली वाटून दिली आहे. वर्षापूर्वी जिथं आग आणि आरडाओरडा होता तिथं लोकांना पुन्हा आपापली सावली मिळाली, एवढं मला त्या चित्रात दिसतं. यातल्या बायकांना 'कुठं निघालीस' म्हणून मी विचारणार नाही. त्या नाटक बघून घरी निघाल्या आहेत.

पण याच माणसाची दुसरी रात्रीची चित्रं काढली की आक्कांचा प्रश्न पुन्हा पुढं येतो. 'चंद्र बघण्याचं ठिकाण' म्हणून १८५७ चं एक चित्र आहे. शिनागावा गावातली समुद्राकाठची खानावळ. मोकळी खोली, जेवण झालेलं, ताटं-वाट्या जमिनीवर तशाच. बाहेर खाडी, होड्या, चंद्र, उडणारे हंस. फार शांत चित्र. आणि डावीकडं कागदी दाराच्या मागं एका बाईची बसलेली सावली, उजवीकडं खोलीतून बाहेर पडणाऱ्या दुसरीच्या वस्त्राचा नुसता काठ. दोघींपैकी एकीचाही चेहरा नाही. जाणकार या चित्राची फार तारीफ करतात. अर्धवट दाखवून पूर्ण सुचवणं, हीच कला, म्हणतात. कला आहे, नाही कशाला म्हणू? पण मी बाई आहे, मला उष्टी ताटं आधी दिसतात. ती कोण उचलणार? ज्याच्या डोळ्यांनी आपण चंद्र बघतोय तो जेवून तृप्त झालेला गिऱ्हाईक आहे. त्याच्यासाठी ती सावली आणि तो काठ चंद्राइतकेच देखाव्याचे भाग आहेत.

शिनागावातल्या अशा घरांत बायका विकल्या जात. आणि शहराच्या उत्तरेला होता योशिवारा, सरकारनं परवाना दिलेला मोहल्ला. तो खंदकानं वेढलेला, आणि ये-जा एकाच मोठ्या दरवाजातून. गरीब घरच्या मुली लहानपणीच करार करून आणलेल्या. आई-बापाला आगाऊ रक्कम दिली जाई आणि मुलगी वर्षानुवर्षं ते फेडत बसे. कपडे, तेल, औषध, सगळं तिच्याच खात्यावर. बाप्यांना बाहेर पडायला मोकळीक, बायकांना नाही. भूकंपाच्या रात्री योशिवारात शेकडो जीव गेले. कुणी विचारणारं नसलेल्या अशा बायकांची प्रेतं जवळच्या जोकान-जी मंदिरात नेऊन टाकत. त्या मंदिराला लोक 'टाकून द्यायचं मंदिर' म्हणत. आजही तिथं त्यांच्या नावानं स्मारक आहे.

आता सान्या कालव्याचं चित्र पुन्हा बघा. योशिवाराला जाणारे लोक होडीनं त्याच कालव्याच्या तोंडाशी उतरत. ते दिवे त्यांच्याच खाण्यापिण्याचे. ती बाई स्वतः योशिवारातली नसेल, पण त्याच व्यवहाराच्या रस्त्यावरची आहे. म्हणजे आक्कांना उत्तर असं: ती कामावर निघाली आहे. दिवसभर राबून आपण जशा संध्याकाळी दार लावून घेतो, तशी तिची संध्याकाळ सुरू होते आहे.

हिरोशिगेला मी दोष देते आहे का? थोडा देते. 'योशिवारातली पहाट' हेही त्याचंच चित्र. निळसर करडा उजेड, दरवाजापाशी चेरीची झाडं, घरी परतणारे बाप्ये आणि निरोप देणाऱ्या बायका. इतकं हळुवार की बघणाऱ्याला कुणाचा विरह चालू आहे असं वाटावं. भूकंपाला दोन वर्षंही झाली नव्हती. आग विझवणाऱ्या घराण्यातल्या माणसाला त्या खंदकाच्या आत काय झालं ते माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण त्याची बाजूही बघितली पाहिजे. ही चित्रं बाजारात विकायची होती, एक वाडगा सोबा-शेवयांच्या आसपासच्या किमतीत. सरकारी तपासणीचा शिक्का लागल्याशिवाय छापता येत नसत. दुःख विकत घेऊन भिंतीला कोण लावणार? आपल्या घरातल्या कॅलेंडरवर तरी आपण काय लावतो? तेव्हा मी एवढंच म्हणते की ती चित्रं सुंदर आहेत आणि त्यांनी काहीतरी झाकलं आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बघायला शिकलं पाहिजे.

आणि झाकलेलं दाखवणारी एक बाई त्याच शहरात होती. होकुसाई हे नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं, मोठ्या लाटेच्या चित्रामुळं. त्याची मुलगी एइ. चित्रकार म्हणून तिचं नाव ओई. बाप तिला नेहमी 'ओइ' म्हणून, म्हणजे 'अगं ए' म्हणून हाक मारायचा, त्यावरूनच ते नाव पडलं असं सांगतात. आपल्यात किती जणींना आयुष्यभर नाव असून 'अगं' एवढीच हाक आली, तुम्हीच मोजा. तिचं लग्न एका चित्रकाराशी झालं, पण त्याच्या चित्रांना ती हसायची म्हणून मोडलं असंही सांगतात. मग ती बापाकडं परत आली आणि १८४९ साली तो जाईपर्यंत त्याच्याबरोबर काम करत राहिली. बायकांची चित्रं माझ्यापेक्षा हीच चांगली काढते, असं खुद्द होकुसाई म्हणाल्याची नोंद आहे. बायकांच्या रोजच्या उपयोगाच्या एका पुस्तकासाठी १८४७ साली तिनं काढलेली चित्रं ठशांनी छापलीही गेली. पण तिच्या नावावर आज जेमतेम दहाएक चित्रं उरली आहेत.

त्यातलं एक योशिवारातल्या रात्रीचं. हे ठशाचं नाही, हातानं रंगवलेलं आहे, टोकियोच्या ओता संग्रहालयात असतं. ठशांच्या लेखात ते आणते आहे कारण त्याच्याशेजारी ठेवल्याशिवाय ठशांतली रात्र नीट कळत नाही. चित्रात एक घर आहे. त्याच्या दर्शनी खोलीत, लाकडी गजांच्या मागं, बायका नटूनथटून ओळीनं बसल्या आहेत. आत भरपूर उजेड. बाहेर रस्त्यावर अंधार आणि अंधारात गिऱ्हाइकं, नुसत्या काळ्या आकृत्या, हातात कंदील. आतल्या बायकांचे चेहरे मात्र गजांच्या मागं गेले आहेत. एवढा उजेड असून बघायला मिळत नाहीत. हिरोशिगेच्या खानावळीत बाई सावली झाली होती; इथं बाप्ये सावल्या झालेत. आणि जो उजेड आहे तो पिंजऱ्यातला आहे. ओईनं कुठं उपदेश केला नाही, रडारड दाखवली नाही. फक्त उजेड कुठून येतो आणि तो कुणाला बाहेर पडू देत नाही, एवढं नेमकं काढलं.

त्या चित्रावर तिची सही नाही, असं वाटतं. बारकाईनं बघितलं तर तीन कंदिलांवर तीन अक्षरं आहेत. 'ओ', 'इ' आणि 'एइ'. बापानं मारलेली हाक आणि जन्माचं नाव, दोन्ही तिनं दिव्यात लपवून ठेवली. मंडळात हे सांगितलं तेव्हा क्षणभर कुणी बोललं नाही. मग मागून एक सूनबाई म्हणाली, "रांगोळीत नाव घालतो तसं की हे." तिनं बरोबर ओळखलं.

१८६८ नंतर एदोचं टोकियो झालं. १८७२ साली रेल्वे आली, १८७४ साली गिंझाच्या रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. त्याच १८७२ साली योशिवारातल्या बायकांना मोकळं करण्याचा हुकूमही निघाला. कागदावर. प्रत्यक्षात तो धंदा परवान्यानिशी चालूच राहिला आणि कायद्यानं बंद व्हायला १९५० चं दशक उजाडावं लागलं. दिवे मात्र कागदावर राहिले नाहीत, खरेच लागले. आणि ते बघायला कोबायाशी कियोचिका होता.

कियोचिका १८४७ चा, शोगुनच्या चाकरीतल्या छोट्या अधिकाऱ्याचा मुलगा. राजवट बदलली तेव्हा तो हरलेल्या बाजूला होता. शोगुनच्या मागोमाग शिझुओकाला गेला, काही वर्षांनी परत आला तेव्हा जन्मगावच ओळखू येईना. १८७६ ते १८८१ या काळात त्यानं टोकियोची नव्वदच्या वर चित्रं काढली. त्यांना 'कोसेन्गा', म्हणजे उजेडाची चित्रं, म्हणतात. पण खरं तर ती काळोखाची आहेत. २०१४ साली वॉशिंग्टनच्या सॅकलर गॅलरीत त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं तेव्हा त्याला रात्रीचा उस्ताद असंच म्हटलं होतं.

त्याची रात्र हिरोशिगेसारखी निळी नाही, काजळीसारखी आहे. शिनबाशी स्टेशनाबाहेर पाऊस पडतोय, छत्र्यांची गर्दी, कंदिलांचा उजेड ओल्या जमिनीवर सांडलेला. ओचानोमिझूला नदीवर एक होडी, काळोख, आणि काजवे. सुमिदा नदीच्या काठावर एक बाप्या आणि एक बाई उभे, पाठमोरे, काळे, पलीकडच्या काठावर दिव्यांची ओळ. कुणाचाच चेहरा नाही. आणि इथं चेहरा नसणं मला खुपत नाही. कारण इथं कुणी कुणाला बघत नाही. बाईही नाही बघितली जात. ती स्वतः बघते आहे.

इथं माझी एक गोष्ट सांगते. आमच्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं. दिव्यावर येणारे जीव अन्नात पडतात, मरतात, म्हणून. ते मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं. पण जेवणाबरोबर मुलींचा दिवसही तिथंच संपायचा, आणि त्यामागं कुठल्याही जिवाची दया नव्हती. भाऊ रात्री नाटकाला जायचे, आम्ही दाराच्या आत. बेळगावात जन्म गेला, पण बेळगावची रात्र मी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी बघितली. सासूबाईंना दवाखान्यात ठेवलं होतं. रात्री दोन वाजता डॉक्टरांनी औषध आणायला सांगितलं. हे गावाला गेलेले. मी एकटीच निघाले. दुकानांची दारं ओढलेली, एका चहाच्या गाड्यावर स्टोव्ह भुरभुरत होता, दोन-तीन माणसं पाठमोरी. खांबावरच्या दिव्याभोवती पाखरं फिरत होती. कुणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. औषध घेतलं आणि परत येताना पावलं आपोआप हळू झाली. आयुष्यात पहिल्यांदा रस्ता माझा वाटला. सासूबाई तिकडं आजारी आणि मला इकडं बरं वाटतंय, याची लाजही वाटली. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते. कियोचिकाच्या सुमिदाकाठच्या त्या बाईची पाठ बघितली आणि ती रात्र आठवली.

कियोचिकाचंही सगळं मी मान्य करत नाही. १८८१ च्या जानेवारीत टोकियोत मोठी आग लागली, दहा हजारांच्या वर घरं गेली. कियोचिका रात्रभर आगीची चित्रं काढत हिंडला आणि परत येतो तर स्वतःचं घर जळालेलं, अशी गोष्ट सांगतात. त्याची आगीची चित्रं मोठी जबरदस्त आहेत, आकाश पेटलेलं आणि माणसं मुंग्यांसारखी. ही गोष्ट सांगणारे सगळे चित्रकाराच्या ध्यासाचं कौतुक करतात. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते घर. वेड लागल्यासारखं काम करायला मागं घर कुणीतरी सांभाळत असावं लागतं, आणि त्या कुणीतरीचं चित्र नसतं. त्या वर्षानंतर त्यानं उजेडाची चित्रं काढणं सोडलंच. पुढं तो व्यंगचित्रांकडं वळला.

पुढच्या काळातल्या दोघांबद्दल थोडक्यात. कावासे हासुईचं घर १९२३ च्या भूकंपात जळालं, त्यात त्याच्या शंभरावर चित्रवह्या गेल्या. त्यानंतरची त्याची रात्रीची चित्रं फार एकाकी आहेत. १९३० चं 'मागोमेचा चंद्र' बघा. उंच पाइन झाडं, मागं पूर्ण चंद्र, खाली शेतघर आणि त्याची एकच उजळलेली खिडकी. डोळे निवतात. पण मोडलेलं शहर हिरोशिगेनं माणसांनी भरलं होतं, हासुईनं ते रिकामं केलं. त्या खिडकीच्या आत काय चाललंय हे तो कधीच सांगत नाही. मला वाटतं, आत कुणीतरी उद्याची डाळ निवडते आहे. दुसरा योशिदा हिरोशी. तो १९३०-३१ मध्ये आपल्या देशात येऊन गेला आणि ताजमहालाची चित्रं दिवसाची आणि रात्रीची अशी दोन्ही केली. एकाच फळ्यांवर रंग बदलून सकाळ, दुपार, रात्र छापण्यात त्याचा हातखंडा होता. फळी तीच, जागा तीच, आणि वर कोणता रंग चढवला त्यावर दिवस की रात्र ते ठरतं. हे वाचून मी बराच वेळ थांबले होते. आमच्या गल्लीचंही तसंच होतं की. भावांसाठी आणि आमच्यासाठी ती एकाच फळीवरची दोन चित्रं होती.

पुढच्या महिन्यात मंडळात गेले तेव्हा आक्कांना सांगितलं, ती बाई कामावर निघाली होती. योशिवाराचंही सांगितलं. त्या ऐकून गप्प राहिल्या. मग पुस्तक मागून घेतलं, सारुवाका-माचीचं पान काढलं आणि सावल्यांतून बोट फिरवत गर्दीतली एक बाई शोधली. "आणि ही?" म्हणाल्या. मी म्हटलं, ही नाटक बघून घरी निघालीय. आक्का म्हणाल्या, "एकटीच आहे की ग." आणि पान उलटायला पुढं कुणी हात केला तर त्यांनी तो हलकेच बाजूला सारला.